कुठला पायथन बोलतोय?

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रंगात आले, की माझ्या टेबलापाशी एकच वाक्य ऐकू यायला लागतं. ‘मॅडम, इन्स्टॉल केलंय, तरी नाही म्हणतंय.’ लॅपटॉप माझ्याकडे वळवला जातो. स्क्रीनवर लाल मजकूर आणि तळाशी ठरलेली ओळ : मॉड्यूल नॉट फाउंड एरर, नो मॉड्यूल नेम्ड अमुक. ओळ वाचून दाखवायला सांगितलं, की मुलं ती वाचतात आणि लगेच पुढे सांगतात, ‘म्हणून परत इन्स्टॉल केलं.’ परत म्हणजे किती वेळा ते विचारू नये. काहींनी पायथनच काढून पुन्हा घातलेला असतो आणि त्यामुळे मशीनवर आता एकाऐवजी दोन पायथन झालेले असतात.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवते. आमच्याकडे येणारी बरीच मुलं मराठी माध्यमातून आलेली, घरात पहिलाच लॅपटॉप, तोही बहुधा हप्त्यावर घेतलेला. ही मुलं लूप समजून घेतात, फंक्शन लिहितात, हिशेब चुकला तर शोधून काढतात. पण इम्पोर्टची ओळ अडली की हातपाय गाळतात. कारण तिथे त्यांच्या प्रोग्रामची एकही ओळ अजून चाललेली नसते. चूक शोधायची तरी कशात? मग निष्कर्ष निघतो, की कोडिंग आपल्याला जमणार नाही. हा निष्कर्ष मला फार लागतो. बुद्धी आहे, मेहनत आहे आणि अडलंय ते फोल्डरच्या पत्त्यावर.

एक गट द्राक्षाच्या पानांच्या फोटोंवरून केवडा आणि भुरी ओळखायचा प्रोजेक्ट करत होता. गटातल्या एका मुलीच्या घरची बाग होती, त्यामुळे फोटोंना तोटा नव्हता. फोटो वाचायला ओपनसीव्ही ही लायब्ररी हवी. तिनं आधी ‘पिप इन्स्टॉल सीव्ही२’ असं केलं, कारण प्रोग्राममध्ये इम्पोर्ट सीव्ही२ असं लिहितात. लायब्ऱ्या आणून बसवणाऱ्या पिपला त्या नावाचं काही सापडलं नाही. इथे पहिली अडचण : दुकानातलं नाव एक आणि वापरायचं नाव दुसरं. आणायचं ते ओपनसीव्ही-पायथन, इम्पोर्ट करायचं ते सीव्ही२. पिलो आणा, पण लिहा पीआयएल. सायकिट-लर्न आणा, लिहा एसकेलर्न. पायवायएएमएल आणा, लिहा नुसतं यामल. याला नियम नाही. त्या त्या लायब्ररीच्या अधिकृत पानावर इन्स्टॉलची ओळ दिलेली असते, ती बघायची. अंदाजानं नाव टाइप करू नका, हे मी जरा कडकपणे सांगते, कारण लोकप्रिय नावांशी मिळतीजुळती नावं घेऊन घातक पॅकेजेस चढवण्याचे प्रकार खरोखर घडलेले आहेत.

तिला खरं नाव सापडलं, ओपनसीव्ही-पायथन बसलं, आणि तरीही एडिटरमध्ये तीच लाल ओळ. ती पुन्हा पिप चालवायची, पिप म्हणायचा, ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड.’

‘मॅडम, एक म्हणतंय आहे, एक म्हणतंय नाही. खरं कोण?’

‘दोघंही खरं बोलतायत. पण ते दोघं वेगळे आहेत का, ते बघ ना आधी.’

मी तिला प्रोग्रामच्या अगदी वर, ओपनसीव्हीच्या इम्पोर्टच्याही आधी, दोन ओळी लिहायला लावल्या. इम्पोर्ट सिस, आणि प्रिंट सिस डॉट एक्झिक्युटेबल. म्हणजे आत्ता हा प्रोग्राम चालवणारा पायथन डिस्कवर नेमका कुठे बसलाय, ते त्याच्याच तोंडून. उत्तर आलं : अ‍ॅनाकोंडाच्या फोल्डरमधला पायथन. पहिल्या वर्षाच्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये स्वतःचा पायथन घेऊन येणारं अ‍ॅनाकोंडा घातलं होतं, ते तसंच राहिलेलं. मग मी तिला पिपची ती ‘ऑलरेडी सॅटिस्फाइड’वाली ओळ शेवटपर्यंत वाचायला सांगितली. त्या ओळीच्या टोकाला ‘इन’ असतं आणि त्यापुढे पूर्ण पत्ता. तिथे लिहिलं होतं पायथन३१२, लिब, साइट-पॅकेजेस. उत्तर पहिल्यापासून स्क्रीनवर होतं, पण ओळ लांब म्हणून कुणी उजवीकडे गेलंच नव्हतं.

प्रत्येक पायथनचं स्वतःचं साइट-पॅकेजेस फोल्डर असतं. एकाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली लायब्ररी दुसऱ्याला दिसत नाही. टर्मिनलमध्ये नुसतं ‘पिप’ लिहिलं, की विंडोज स्वतःच्या पाथ यादीत जो पिप आधी सापडेल तो चालवतं. तो कुणाचा, हे एडिटरला माहीत नसतं आणि विचारायचं कारणही नसतं. म्हणून मी मुलांना सुटा पिप वापरूच देत नाही. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ असं लिहायचं. म्हणजे ज्या पायथनला हाक मारली, त्याचाच पिप चालतो. आणि व्हीएस कोडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा असतो, त्यावर क्लिक करून इंटरप्रिटर, म्हणजे कुठला पायथन चालवायचा तो, निवडायचा. त्या मुलीनं तिथे ३.१२ निवडला आणि पान उघडलं. तेलकट, पिवळसर डाग पडलेलं, थेट त्यांच्या बागेतलं.

त्याच गटानं मला पुढे एक सुंदर गाठ आणून दिली. सुंदर म्हणते, कारण पायथन लायब्ररी कशी शोधतो हे त्याहून चांगलं मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही. हवामानाचा अंदाज नेटवरून आणायला त्यांना रिक्वेस्ट्स ही लायब्ररी हवी होती. आता इंटरप्रिटर बरोबर, लायब्ररी बसलेली, पत्ता जुळलेला. पण प्रोग्राम चालवला की आधी स्क्रीनवर फवारणीचं वेळापत्रक छापलं जायचं आणि मग एरर : ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम टाइमजीएम फ्रॉम कॅलेंडर.’ या मुलांनी टाइमजीएम हा शब्द जन्मात लिहिलेला नव्हता. हवामान मागितलं तर फवारणी का छापली जाते, हेही कळेना.

एररच्या शेवटी कंसात फाइलीचा पत्ता होता. तो पत्ता त्यांच्याच प्रोजेक्ट फोल्डरचा. फवारणीच्या तारखांसाठी गटातल्या एका मुलानं छोटी फाइल केली होती आणि तिला साहजिक नाव दिलं होतं, कॅलेंडर डॉट पीवाय.

पायथनसोबत येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीतही कॅलेंडर आहे. रिक्वेस्ट्सला कुकीज सांभाळाव्या लागतात, त्यासाठी ती एचटीटीपी डॉट कुकीजार घेते, आणि कुकीजार कॅलेंडरमधून टाइमजीएम घेतं. पायथन शोधतो तो सिस डॉट पाथ या यादीच्या क्रमानं. प्रोग्रामची फाइल चालवली, की यादीत सर्वांत वर त्या फाइलीचं फोल्डर असतं. मग पायथनपाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलेला असेल तर त्यातले पत्ते, मग स्टँडर्ड लायब्ररी आणि शेवटी साइट-पॅकेजेस. एका गल्लीत दोन पाटील राहत असले की टपाल पहिल्या दारात पडतं, तसं पायथनला पहिला कॅलेंडर मिळाला तोच त्यानं घेतला. इम्पोर्ट करणं म्हणजे ती फाइल वरपासून खालपर्यंत चालवणं, म्हणून फवारणीच्या तारखा छापल्या गेल्या. मग त्यात टाइमजीएम शोधलं, ते कुठून असणार?

फाइलीचं नाव फवारणी डॉट पीवाय केलं आणि प्रश्न मिटला. पण मी तिथे थांबले नाही. सिस डॉट पाथ छापायला लावून यादीतली एकेक ओळ मुलांकडून फोल्डर उघडून बघून घेतली. लिब फोल्डरमध्ये त्यांना खरं कॅलेंडर डॉट पीवाय सापडलं. नोटपॅडमध्ये उघडलं. पायथनमधली ‘आतली’ वस्तू आपण लिहितो तशीच साध्या पायथनमध्ये लिहिलेली आहे, हे बघून त्या मुलाचे डोळे मोठे झाले. कॅलेंडर, रँडम, टोकन, क्यू, कॉपी ही सगळी नावं तिथे आधीच घेतलेली आहेत. २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून अशा वेळी पायथन स्वतःच सुचवतो, की या फाइलीचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या नावासारखं आहे, ते बदलून बघ. शिकणाऱ्यांसाठी केलेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

खरी परीक्षा प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी असते. मुलांच्या लॅपटॉपवर सगळं चालतं, लॅबच्या मशीनवर पहिल्याच ओळीला कोसळतं. उघडून बघितलं तर वरच्या बाजूला सिस डॉट पाथ डॉट अपेंड, आणि कंसात सी ड्राइव्ह, युजर्स, मुलाचं नाव, डेस्कटॉप, प्रोजेक्ट, फायनल, फायनल२. हा पत्ता जगात एकाच लॅपटॉपवर आहे. हा इलाज मुलं एकमेकांकडून घेतात आणि तो चालतो, म्हणूनच वाईट. मूळ कारण बहुतेक वेळा असं, की प्रोजेक्टमध्ये दोन-तीन फोल्डर केलेले असतात आणि आतल्या फोल्डरमधली फाइल एडिटरच्या बाणावर क्लिक करून थेट चालवलेली असते. मग यादीत वर बसतं ते आतलं फोल्डर, आणि शेजारच्या फोल्डरचा पायथनला पत्ताच नसतो. त्याऐवजी प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये उभं राहून ‘पायथन -एम’ आणि पुढे टिंब देऊन फोल्डर व फाइलीचं नाव, शेवटचं पीवाय न लावता, लिहायचं. तेव्हा यादीत वर चालू फोल्डर बसतं, शेजारचं फोल्डर दिसायला लागतं आणि कुणाच्याही डेस्कटॉपचा पत्ता लिहावा लागत नाही.

काही मुलं हुशारीनं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं लायब्ऱ्यांचं वेगळं फोल्डर, करतात आणि ते अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घालून आणतात. तेही चालत नाही. त्या फोल्डरमध्ये मूळ पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, पिप डॉट ईएक्सईच्या पोटात त्या एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा. दुसऱ्या मशीनवर ते पत्ते नाहीत, म्हणजे सगळं निर्जीव. न्यायची असते ती रिक्वायरमेंट्सची, म्हणजे लागणाऱ्या लायब्ऱ्यांची, यादी, एन्व्हायर्नमेंट तिथे नव्यानं करायची. ही सोय तशी जुनी आहे. इयान बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह केलं, २००८ मध्ये पिप. २०१२ च्या पायथन ३.३ पासून व्हीएन्व्ह पायथनमध्येच आलं. एका मशीनवर दोन प्रोजेक्टना एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या लागतात, ही गरज तेव्हाही होती. आमच्या लॅबमधल्या उबुंटूच्या नव्या मशीनवर तर आता पिप थेट इन्स्टॉल करायलाच नकार देतो, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणतो. डेबियन १२ मध्येही तसंच आहे. मुलांना ती अडवणूक वाटते. मला तो शहाणपणा वाटतो. तिथला पायथन ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामाचा आहे, अपडेटची साधनं त्यावर चालतात. त्याच्या लायब्ऱ्या आपण बदलल्या तर मशीनच आजारी पडेल. एररमध्येच ही अडवणूक मोडून पुढे जायचा पर्याय दिलेला असतो, त्याच्या नावातच ‘ब्रेक’ आहे. तो वापरू नका.

एक फरक मात्र मी मुलांना पहिल्यापासून ओळखायला लावते. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ म्हणजे फाइल सापडली नाही. नुसता ‘इम्पोर्ट एरर’ असेल तर बहुधा फाइल सापडलीय, पण तिच्यातलं किंवा तिला लागणारं काहीतरी सापडलं नाही. द्राक्षांचा प्रोजेक्ट एका लिनक्स सर्व्हरवर चढवला, तेव्हा ओपनसीव्हीनं लिबजीएल नावाची फाइल नाही म्हणून तक्रार केली. ओपनसीव्हीला खिडकी उघडून चित्र दाखवता येतं, त्यासाठी ती फाइल लागते. सर्व्हरला पडदाच नाही. ओपनसीव्ही-पायथन काढून त्याची हेडलेस आवृत्ती घातली आणि काम झालं. त्या वेळी ती मुलगी माझ्याकडे आली नव्हती. शेवटची ओळ वाचून, दोन प्रकारांतला फरक ओळखून तिनंच शोधलं आणि मला नंतर सांगितलं. ‘मॅडम, मॉड्यूल होतं, म्हणून मी परत तेच इन्स्टॉल नाही केलं.’

पायथन शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. आपल्या प्रॅक्टिकलच्या वहीत पहिला प्रोग्राम ‘हॅलो वर्ल्ड’ असतो, तो राहू द्या. पण त्याच तासाला सिस डॉट एक्झिक्युटेबल आणि सिस डॉट पाथ छापून घ्या. यादीतली फोल्डरं मुलांना स्वतःच्या हातानं उघडू द्या आणि लॅबच्या मशीनवर आलेलं उत्तर घरच्या लॅपटॉपवर आलेल्या उत्तराशी ताडून बघायला सांगा. परीक्षेत यावर प्रश्न येत नाही हे मलाही ठाऊक आहे. तरीही एक तास द्या, कारण पुढचं सगळं इम्पोर्टच्या ओळीखाली लिहायचं असतं.