वेग दिसतो तो वळणावर

धायरीत राहणाऱ्या माणसाला पॉवरबोटींच्या शर्यतीचे फोटो काढण्याचा नाद लागावा, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. समुद्र दीडशे किलोमीटरवर. जवळचं मोठं पाणी म्हणजे खडकवासला. ते पुणेकरांच्या पिण्याचं आणि पलीकडचा काठ एनडीए या लष्करी प्रबोधिनीचा. म्हणजे तिथे शर्यत होणार नाही आणि त्या काठाकडे लेन्सही रोखायची नाही. राहता राहिला सिंहगड रस्ता. संध्याकाळी सहाला धायरी फाट्यावर उभं राहिलं, तर वेग नावाची काही चीज जगात आहे यावरचा विश्वासच उडतो.

तरी हात बसला तो इथेच. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे मोठा उतार आहे. सर्व्हिस रोडच्या कडेला सुरक्षित जागा बघून त्या उतारावरून येणाऱ्या ट्रकांवर मी पॅनिंग शिकलो. पॅनिंग म्हणजे पळत्या वस्तूबरोबर कॅमेरा फिरवत नेणं आणि फिरता फिरताच शटर दाबणं. पाय रोवायचे, कोपरं बरगड्यांना टेकवायची आणि वळायचं ते कंबरेतून. जात्याची खालची तळी जागेवर आणि वरची तेवढी फिरते, तसं. शटर दाबून झाल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. नवखा माणूस ‘खट्’ आवाजासरशी थबकतो आणि त्याचा फोटो तिथेच बिघडतो.

यामागचा हिशेब सोपा आहे. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गोष्ट सेकंदाला सुमारे अठ्ठावीस मीटर सरकते. १/२००० शटरला ती जेमतेम दीड सेंटिमीटर हलते. तेवढ्याने फोटो लख्ख येतो, ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’सुद्धा वाचता येतं. पण ट्रक कडेला लावून ठेवल्यासारखा दिसतो. १/६० ला तोच ट्रक जवळजवळ हातभर पुढे जातो. आपण त्याच्याबरोबर नेमकं फिरलो तर ट्रक स्पष्ट राहतो आणि मागची दुकानं, खांब, झाडं ओढल्यासारखी पुसट होतात. तेव्हा कुठे तो धावताना दिसतो. वेगाचा फोटो काढायला जावं, तर त्यात वेग दाखवतात त्या जागेवर उभ्या असलेल्या गोष्टी.

हे शिक्षण घेऊन मी मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हवर जाऊन उभा राहिलो. ३ ते ५ मार्च असे तीन दिवस तिथे पी-वन पॉवरबोटची ‘इंडियन ग्रां प्री ऑफ द सीज’ होती. बोटी अठ्ठावीस फुटी आणि सगळ्या एकाच बनावटीच्या. मागे २५० अश्वशक्तीचं इंजिन, आत दोन माणसं : एक सुकाणू धरणारा, दुसरा वाट आणि लाट सांगणारा. गौरव गिल आणि सी. एस. संतोष ही रॅलीतली आपली नावंही त्यात उतरली होती. बोटी सारख्याच असल्यामुळे पैशाने वेग विकत घेण्याची सोय नव्हती. जे काही कमवायचं ते पाणी वाचून.

कट्ट्यावर गर्दी होती, वडापाव होता, आणि ‘इतक्या लांबून काय घंटा दिसणार’ असं म्हणत शेवटपर्यंत न हललेले लोकही होते. माझी अडचण निराळी होती. नवले पुलावरची विद्या इथे चालेना. मरीन ड्राइव्हच्या मधोमध उभं राहिलं की समोर नुसता समुद्र. ना खांब, ना दुकान, ना झाड. पॅनिंग केलं तर मागे पुसट व्हायला काहीच नाही. करड्या पाण्यापुढे एक स्पष्ट बोट, बस्स. शिवाय ट्रक रस्त्याला धरून चालतो, बोट उड्या मारत जाते. आडवं फिरताना तिची उभी उसळी पकडता येत नाही, म्हणून १/६० चा मोह सोडून १/२५० च्या आसपास यावं लागतं. कानाचाही भरवसा नाही. बोट अर्धा किलोमीटर लांब असेल तर इंजिनाचा आवाज दीड सेकंद उशिरा पोचतो. आवाज ऐकून बोट दाबलं, तर बोट केव्हाच फ्रेमबाहेर गेलेली असते.

यावरचे उपाय जागेत आणि उन्हात सापडले. एनसीपीएच्या टोकाला सरकलं की बोटींच्या मागे मलबार हिलच्या इमारती येतात आणि पुसट व्हायला काहीतरी मिळतं. मरीन ड्राइव्ह पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपार कलली की ऊन थेट लेन्समध्ये. एरवी फोटोग्राफर त्याला शिव्या देतात. पण इथे बोटीमागे उडणारा पाण्याचा तुरा मागून उजळतो आणि बोट काळी राहिली तरी तिची चाल कळते. समुद्रानेही त्या दिवसांत मदत केली. होळी आठवड्यावर आली होती, म्हणजे अष्टमीचा भांग. उधाणाचा जोर नव्हता. लाट होती ती दुपारनंतर सुटणाऱ्या वाऱ्याची, आखूड आणि खडबडीत.

खरा फोटो मात्र वळणावरच्या बोयापाशी होता. सरळ पट्ट्यात बोट पाण्यावर उचललेली असते. तळाचा मागचा भाग आणि पंखा एवढंच काय ते पाण्यात. ती इतकी सहज जाते की डोळ्याला वेग जाणवतच नाही. बोया जवळ आला की चित्र बदलतं. आधी इंजिनाचा सूर उतरतो. नाक खाली येतं आणि तळ पाण्यात रुततो. मग बोट आतल्या अंगावर कलते आणि बाहेरच्या बाजूने पाण्याची भिंत उठते. त्यातच आडवी लाट आली की पंखा क्षणभर हवेत येतो आणि इंजिन किंचाळतं. एका फ्रेममध्ये मला दिसलं, की सुकाणूवाल्याचं हेल्मेट वळणाच्या आत झुकलंय आणि शेजारच्याचं पार उलट, मागून येणाऱ्या बोटीकडे. एकजण पुढचं बघतोय, दुसरा मागचं, आणि दोघांचे खांदे एकाच बाजूला दाबलेले. ही फ्रेम त्या पूर्ण वळणात सर्वांत कमी वेगाची होती, आणि मी काढलेल्यांत सर्वांत वेगवान तीच दिसते.

वेग अडतो तिथे तो दिसतो. हे एकदा पटलं की एक अवघड प्रश्न समोर येतो. वेग सगळ्यात जास्त अडतो तो अपघातात. नवले पुलाकडचा तो उतार ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी बदनाम आहे; तिथे सराव करताना हे मनातून जात नाही. शर्यतीच्या काठावरही प्रत्येक वळणाला गर्दीचा श्वास अडकतो तो कशाच्या आशेने, हे कबूल करायला कुणाला आवडत नाही. लेन्सला तर मुळीच नाही.

४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडमधल्या कॉनिस्टन सरोवरावर डोनाल्ड कॅम्पबेल ‘ब्लूबर्ड के-सेव्हन’ ही बोट घेऊन ताशी ३०० मैलांच्या पलीकडे निघाला होता. परतीच्या फेरीत बोटीचं नाक उचललं गेलं, खाली हवा शिरली, आणि बोट मागच्या मागे उलटून पाण्यावर आपटली. कॅम्पबेल गेला. कारणं बरीच सांगितली जातात. पहिल्या फेरीने उठवलेल्या लाटा विरायच्या आत तो परत फिरला, हे त्यांतलं एक. त्याची चित्रफीत आहे. ती थांबवून बघितली, तर हवेत उभी राहिलेली निळी बोट विलक्षण देखणी दिसते. कसबाच्या दृष्टीने त्या फ्रेममध्ये काही कमी नाही, आणि मला ती टांगलेली बघवत नाही.

उलट केन वॉर्बीचं बघा. सिडनीत आपल्या घराच्या परसात लाकूड आणि फायबरग्लासने त्याने ‘स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया’ बांधली, वर लष्कराच्या लिलावातलं जेट इंजिन बसवलं. ८ ऑक्टोबर १९७८ ला ब्लोअरिंग धरणाच्या पाण्यावर त्याने ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला. तो अजून कुणी मोडलेला नाही. जगातली सर्वांत वेगवान बोट धावली ती समुद्रावर नव्हे, एका धरणाच्या पाण्यावर. खडकवासल्याच्या काठी कणीस खाताना हे आठवलं की जरा बरं वाटतं. पण वॉर्बीच्या त्या धावेचे फोटो बघितले तर त्यात फार काही घडत नाही. सरळ रेषेत एक बोट आणि मागे पांढरा पट्टा. सर्वांत मोठा वेग फोटोत जवळजवळ दिसत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये माझ्या कामाची जागा आहे. शर्यत बघायला पहिल्यांदा येणाऱ्याला मी सांगतो : सरळ पट्टा टीव्हीवाल्यांना सोडा. बोयापाशी जागा धरा, मागे काहीतरी स्थिर येईल असं बघा, ऊन तोंडावर आलं तर येऊ द्या. पहिल्या दोन फेऱ्या कॅमेरा खालीच ठेवा आणि कोण कुठे वेग सोडतो ते बघा. उशिरा सोडणारा पाण्याची मोठी भिंत उठवतो आणि टाळ्या घेतो. थोडा आधी सोडणारा शांतपणे आतून वळतो आणि पुढच्या पट्ट्यात लवकर इंजिन खोलतो. शर्यत बहुतेक वेळा हा दुसरा घेऊन जातो. भिंतीचा फोटो सोपा आहे, तो कुणीही काढील. वेग नेमका कुठे सोडायचा हे ज्याला कळलंय त्याचा फोटो काढणं अवघड, कारण त्यासाठी आधी ते आपल्याला कळावं लागतं.