थबकलेला कांटा

लेखकानें स्वतःस 'आम्ही' म्हणावें ही मासिकांची जुनी रीत आहे, आणि आम्हीही ती पाळीत आलों आहों. परंतु आमच्या बाबतींत हें बहुवचन केवळ रीतीपुरतें नव्हतें. आमचें वजन १२८ किलो होतें. रिक्षांत आम्ही बसलों म्हणजे दुसऱ्या उतारूस जागा उरत नसे, आणि नाट्यगृहांतील खुर्चीचे हात व आमची कंबर यांच्यांतील तंटा शेवटचा अंक संपला तरी मिटत नसे. असले विनोद आम्ही स्वतःच आधीं करून टाकीत असूं. दुसऱ्यानें करण्यापेक्षां तें बरें. पण एका गोष्टीवर मात्र आम्हांस विनोद सुचत नसे. आमचे वडील मधुमेहानें वयाच्या ५४ व्या वर्षीं गेले, आणि जातांना त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालीं उरला नव्हता. आम्हांस ५१ वें वर्ष संपलें, दिवसाला ६० युनिट इन्सुलिन टोंचून घ्यावें लागूं लागलें, तेव्हां हा हिशेब आम्हांस रात्रीं झोंप लागूं देईना.

चरकानें आठ निंदित शरीरें सांगितलीं आहेत, आणि त्यांतील अतिस्थूल व अतिकृश या दोघांची तुलना करून, दोहोंत कृश बरा, असा निर्वाळा दिला आहे. स्थूलाचें दुखणें बरें करणें कठीण, हें त्यालाही ठाऊक होतें. आम्हांस तें वीस वर्षांच्या अनुभवानें कळलें. उपवास झाले, पहाटेचें फिरणें झालें, भात सोडून झाला, साखर सोडून झाली. वजन दहा किलो उतरे आणि बारा किलो होऊन परत येई. अखेर आम्हीं जठरावर शस्त्रक्रिया करून घेतली. तिला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टमी म्हणतात. तींत जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही थोडा अधिक भाग कापून काढतात आणि उरलेल्याची केळ्यासारखी अरुंद नळी करतात. भूक चाळविणारें घ्रेलिन नांवाचें द्रव्य १९९९ सालीं जपानमध्यें कोजिमा व कांगावा यांनीं शोधून काढलें. तें मुख्यतः या कापलेल्या भागांतच तयार होतें. त्यामुळें पोट तर लहान होतेंच, पण भूकही कांहीं काळ माहेरीं गेल्यासारखी होते.

पहिले सहा महिने आमचे राजाच्या थाटांत गेले. तिसऱ्या आठवड्यांत डॉक्टरांनीं इन्सुलिन बंद केलें. सदरे सैल झाले, मग धाकट्या भावाचे सदरे आम्हांस येऊं लागले. पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या आम्ही तीनदां थांबून चढलों, पुढें एकदां थांबून चढलों. १२८ चे ९४ झाले. आणि सातव्या महिन्यांत कांटा ९४ वर जो थबकला, तो हलेना.

प्रथम आम्ही त्याच्याशीं सभ्यपणें वागलों. आठवड्यांतून एकदां वजन करीत होतों, तें रोज करूं लागलों, मग सकाळ-संध्याकाळ. कांटा न्हाणीघरांतून उचलून दिवाणखान्यांत नेला, कारण तेथील फरशी अधिक सपाट वाटली. सतराव्या शतकांत इटलींतील पादुआ येथें सांतोरियो नांवाचा वैद्य होता. तो टांगलेल्या तराजूच्या खुर्चींत बसून जेवे आणि आपलें वजन टिपून ठेवी. हा उद्योग त्यानें सुमारे तीस वर्षें केला, आणि १६१४ सालीं त्यावर ग्रंथही प्रसिद्ध केला. त्याच्या चिकाटीनें वैद्यकास मोजमापाची गोडी लागली. आमच्या चिकाटीनें घरांतल्या माणसांस कंटाळा आला एवढेंच.

गंमत येथें संपते. आमच्या आत्याबाई एके दिवशीं सहज म्हणाल्या, "अरे, पोट कापून घेतलेंस, तरी अजून एवढाच उतरलास?" त्यांच्या मनांत कांहीं वांकडें नव्हतें, पण तें वाक्य आम्हांस फार लागलें, कारण तेंच वाक्य आम्ही स्वतःस रोज सकाळीं म्हणत होतों. उपवास फसला तर शस्त्रक्रिया आहे, असा आजवर मनाला आधार होता. आतां तीही फसली तर पुढें कांहींच उरत नव्हतें. वडिलांचा तो रिकामा पायजमा पुन्हां आमच्या डोळ्यांपुढें येऊं लागला.

मग आम्हीं एक मूर्खपणा केला. सकाळचें पनीर आणि दुपारचें मुगाचें धिरडें आम्ही कोणास न सांगतां टाळूं लागलों. रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत गेलींच पाहिजेत, ही आहारतज्ज्ञ बाईंची ताकीद आम्हीं बाजूस ठेवली. केसांची गळती आधींच सुरू होती, ती वाढली. मे महिन्यांत आम्हांस पंखा नकोसा झाला. दहाव्या दिवशीं घराचा जिना उतरतांना डोळ्यांपुढें अंधेरी आली आणि आम्ही कठड्यास धरून खालीं बसलों. मुलगी धांवत आली. तिनें पाणी दिलें आणि एवढेंच विचारलें, "बाबा, तुम्ही जेवत नाहीं ना?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं. ती रडली, तिला रडतांना आम्हीं पुष्कळ वर्षांनीं पाहिलें.

डॉक्टर मात्र रागावले नाहींत. त्यांनीं आम्हांस एक जुनी हकीकत सांगितली. १९४४-४५ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें अँसेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धानें उपाशी मेलेल्या युरोपास पुन्हां कसें खाऊं घालावें हें त्यास जाणून घ्यायचें होतें, आणि शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे तरुण आपण होऊन पुढें आले होते. सहा महिने त्यांस अर्धपोटीं ठेवलें. त्यांचें वजन सुमारें चौथाईनें घटलें. पण त्याहून अधिक घट झाली ती शरीराच्या विसांव्यांतील खर्चाची. नाडी मंदावली, उन्हाळ्यांत थंडी वाजूं लागली, आणि कित्येकजण पाकशास्त्राचीं पुस्तकें वाचीत बसूं लागले. पुढें १९९५ सालीं न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठांत लाइबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोजून दाखविलें कीं, वजन उतरलेल्या मनुष्याचा खर्च त्याच्या नव्या वजनाच्या मानानें व्हावा त्याहूनही कमी होतो. "तुमचें शरीर हट्टी नाहीं," डॉक्टर म्हणाले, "तें घाबरलेलें आहे. मिळकत तुटली म्हणजे घरची बाई दिवे मालवून बसते, तसें तें करतें. तुम्हीं आणखी उपास काढलेत तर तें आणखी दिवे मालवील."

हें ऐकून आम्हांस केवढें बरें वाटलें म्हणून सांगावें! दोष आमचा नव्हता, निसर्गाचा होता. पुढचे पंधरा दिवस आम्हीं भेटेल त्याला मिनेसोटाची कथा सांगितली. आत्याबाईंस तर दोनदां सांगितली.

परंतु आहारतज्ज्ञ बाईंनीं आमच्या हातांत एक शंभर पानी वही ठेवली आणि आठ दिवस तोंडांत जाईल तें तें लिहावयास सांगितलें. "जेवण नव्हे, तोंडांत जाईल तें," असें त्या मुद्दाम म्हणाल्या. आम्हीं प्रामाणिकपणें लिहिलें. जेवणाचीं पानें निर्दोष होतीं. पण दोन जेवणांच्या मधल्या ओळी वाढत चालल्या. कचेरींत कोणाचें तरी बारसें, म्हणून अर्धा पेढा. घरीं श्रीखंडाचें भांडें घासावयास टाकण्यापूर्वीं चमचाभर श्रीखंड. चहाबरोबर दोन बिस्किटें, तींही बुडवून, म्हणजे मऊ होऊन नळींतून विनातक्रार उतरत. भाकरी आणि मटकीची उसळ चार घांसांत आमचा हात धरी. श्रीखंडास मात्र त्या नळीचा अडथळाच नव्हता. जी वाट शस्त्रवैद्यांनीं अरुंद केली होती, तिच्यांतून आम्हीं द्रवरूपानें जुना संसार पुन्हां आंत आणला होता. आठव्या दिवशीं ती वही बाईंपुढें ठेवतांना आम्हांस शस्त्रक्रियेच्या टेबलावरही वाटली नव्हती इतकी लाज वाटली.

त्यांनीं वही चाळली आणि शांतपणें म्हटलें, "दोन्ही खरें आहे. शरीरानें खर्च कमी केला आहे, आणि तुम्हीं आवक वाढविली आहे. पहिल्याबद्दल स्वतःस रागावूं नका. दुसऱ्याबद्दलही रागावूं नका. फक्त लिहीत जा."

आम्हांस वाटतें, या सर्व खटाटोपांतून आमच्या हातीं जें लागलें तें हेंच. थबकलेल्या कांट्यामागें एक निर्दोष कारण असतें आणि बहुधा एक सदोषही असतें, आणि तीं दोन्हीं एकमेकांच्या आड लपतात. सगळा दोष आपला मानला तर मनुष्य उपाशी राहून जिन्यांत पडतो; सगळा निसर्गाचा मानला तर श्रीखंडाचें भांडें चाटतो. आम्हीं तीन महिन्यांत दोन्ही करून पाहिलें.

त्यानंतर आम्ही पनीर आणि धिरड्याकडे परतलों, आणि स्नायू राखावेत म्हणून सकाळीं वजनें उचलूं लागलों. दीड वर्षानें कांटा ८८ वर आला आणि तेथें पुन्हां थांबला. या वेळीं आम्हांस धक्का बसला नाहीं. स्वीडनमध्यें १९८७ सालापासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांची नोंद ठेवली गेली. त्यांचेंही वजन पहिल्या एक-दोन वर्षांत तळास गेलें, पुढें थोडें परत चढलें आणि मग स्थिरावलें. तरीही २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें, शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच लोकांपेक्षां त्यांच्यांत मृत्यु कमी झाले. म्हणजे कांटा थांबला तरी आयुष्य पुढें जात होतें.

आतां वजनकांटा पुन्हां न्हाणीघरांत गेला आहे आणि त्याची भेट फक्त रविवारीं होते. वही मात्र चालू आहे, ही तिसरी. इन्सुलिन अद्याप लागलेलें नाहीं, पण पुढें कधीं लागणारच नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितलेलें नाहीं, आणि आम्हीही तसें विचारीत नाहीं.

येत्या माघांत आम्हांस ५४ वें वर्ष लागेल. त्या दिवशीं पहाटे मुलीस बरोबर घेऊन पर्वती चढावी असें योजिलें आहे. दोन्ही पायांनीं चढूं, वाटलें तर मध्यें थांबूं. वजन काय भरतें तें रविवारीं पाहतां येईल.