पणजीचं माहेर

तुमच्या आईच्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं? फोन बाजूला ठेवून आठवून बघा. मला नाही आठवलं.

मला हा प्रश्न विचारला तो क्युबेकहून आलेल्या एका सहकारी बाईनं. ती कॅनडातली, मूळची फ्रेंच वंशाची. इथं बोम्मसंद्र्याच्या आमच्या कारखान्यात सहा महिन्यांसाठी आलेली. तिची खापरपणजी खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. तरी तिचा जन्म, लग्न, दफन, तिन्ही नोंदी हिला एका संध्याकाळी मोबाईलवर सापडल्या. तिकडे सतराव्या शतकापासून चर्चच्या वह्या आहेत. 1679 पासून तर दोन-दोन प्रती, एक चर्चकडे, एक कोर्टाकडे. आणि बाईची नोंद लग्नानंतरही माहेरच्या नावानंच! मरणाच्या नोंदीतसुद्धा आधी तिचं स्वतःचं नाव-आडनाव, मग ‘अमक्याची बायको’.

घरी येऊन आईला विचारलं. आई ऐंशीची, साताऱ्याहून माझ्याकडे राहायला आलेली.

“आजीला सगळे काकीच म्हणायचे. लग्नात नाव बदललेलं. आधीचं सांगायची गं ती...” आणि आई थांबली. हल्ली सकाळचा चहा झाला की नाही, हेही ती विसरते. माझी घाई होती ती त्याचीच.

कागद शोधायचे तर कुठे? जन्ममृत्यूच्या नोंदणीचा 1886 चा कायदा होता, पण नोंद ऐच्छिक. सक्ती आली 1969 च्या कायद्यानं. पणजी जन्मली 1885 च्या आसपास, हा आईचा हिशेब.

मग नाशिक. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात हे तुम्ही ऐकलं असेल. गाव आणि आडनाव सांगितलं की ते पान काढतात. जुनी पानं मोडीत. मामानं आमचं पान पाहिलं होतं. बापामागून बाप, सगळे पुरुष ओळीनं. पणजीही होती, पण सासरच्या नावानं. (श्राद्धातही आपण आई, आजी, पणजीचं नाव घेतो, तेही सासरचंच.) तिच्या माहेरचं घराणं वेगळ्या वहीत, आणि ती उघडायला गाव-आडनाव हवं. नेमकं तेच नव्हतं.

आमच्या बाल्कनीत तिचं तांब्याचं घंगाळ आहे. त्यात मी कोथिंबीर लावली होती, खरं सांगते. दसऱ्याआधी आईनं हट्टानं माती काढायला लावली आणि चिंच-मीठ घेऊन स्वतः घासायला बसली. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं वर आली. पूर्वी लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालत, ते आम्हाला आधी कसं सुचलं नाही कोण जाणे!

मोबाईलचा टॉर्च तिरका धरला. देणाऱ्याचं आडनाव लागलं. पुढे ‘मेणवली’, अगदी स्वच्छ. म्हणजे वाईजवळचं. त्याखाली ‘चि. सौ. कां. गो’, आणि पुढचं सगळं झिजलेलं. शंभरावर वर्षं रोज हात फिरलेला.

“गोदा,” आई म्हणाली. मग म्हणाली, “नाही, गोजरा.” बराच वेळ दोन्ही नावं पुटपुटत, ओला हात त्या अक्षरांवर ठेवून बसली.

मी नाशिकला फोन लावला. पलीकडून नेहमीचा प्रश्न आला, “गाव?”

“मेणवली,” मी सांगितलं, आणि आडनावही.

“थांबा, वही काढतो.”