एका वाद्याचें मूळगांव

मध्य युरोपांतील स्लोव्हाकिया हें लहानसें राष्ट्र १९९३ सालीं चेकोस्लोव्हाकियाची फाळणी होऊन स्वतंत्र झालें. त्याची राजधानी ब्रातिस्लावा डॅन्यूब नदीच्या कांठीं आहे. तेथून ईशान्येस सुमारें पंचेचाळीस किलोमीटरवर त्रनावा हें जुनें शहर लागतें. १२३८ सालीं हंगेरीच्या राजाकडून त्यास नगराचे हक्क मिळाले. विटांच्या तटबंदीच्या आंत प्रार्थनामंदिरांची इतकी दाटी आहे कीं, लोक या शहरास ‘धाकटें रोम’ म्हणतात. बहुतेक प्रवासी तीं मंदिरें पाहून परत फिरतात. ज्याला संगीताची आवड आहे त्यानें मात्र तसें करूं नये. उत्तरेकडचा रस्ता धरून, शेतांमधून आठ-दहा किलोमीटर पुढें जावें; म्हणजे दोल्ना क्रुपा हें खेडें लागतें.

या खेड्यांत ब्रुन्सविक नामक सरदार घराण्याचा प्रशस्त वाडा असून त्याभोवतीं विस्तीर्ण उपवन आहे. या घराण्याशीं बीथोव्हनचा स्नेह होता, आणि त्या निमित्तानें तो येथें येऊन राहिला होता असें सांगतात. उपवनांतील एका लहान घरांत त्याचें स्मारक राखलेलें आहे. ‘मूनलाइट’ या नांवानें प्रसिद्ध असलेली त्याची १८०१ सालची पियानोची रचना त्यास येथेंच सुचली, अशी गांवची श्रद्धा आहे. श्रद्धेस पुरावा मागूं नये हेंच बरें. परंतु त्याच वर्षीं आपली श्रवणशक्ति क्षीण होत चालल्याची गोष्ट त्यानें मित्रांस पत्रानें कळविली, एवढें मात्र खरें.

वाड्यांतले श्रोते मोजके, आणि दालन शांत. तेथें वाद्यानें मोठ्यानें वाजावें अशी गरज नव्हती. ती गरज पुढें शंभर वर्षांनीं दूर अमेरिकेंत उत्पन्न झाली, आणि ती भागविणारा मुलगा याच गांवांत वाढला होता.

जॉन दोपिएरा याचा जन्म १८९३ चा. तेव्हां हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत मोडत असे. वडिलांचा धंदा पिठाच्या गिरणीचा. पण हात सुताराचा आणि कान गवयाचा. ते व्हायोलिन वाजवीत आणि स्वतः घडवीतही. त्यांच्या हाताखालीं मुलानें आपलें पहिलें व्हायोलिन लहानपणींच तयार केलें. १९०८ सालीं हें कुटुंब कॅलिफोर्नियास गेलें. घर, शेजार आणि भाषा मागें राहिली. हातांतली कला तेवढी बरोबर गेली.

पुढें लॉस अँजेलिस शहरांत जॉननें वाद्यांचें दुकान थाटलें. नाटकगृहांतून हवाई बेटांच्या पद्धतीनें गिटार वाजविणारा जॉर्ज बीचम हा त्याच्याकडे आला. त्याची तक्रार साधी होती: पितळी कर्णे आणि ढोल वाजूं लागले कीं आपली गिटार कोणास ऐकूं येत नाहीं. प्रथम जॉननें ग्रामोफोनसारखा कर्णा गिटारीस जोडून पाहिला. तो प्रयोग फसला. मग त्यानें निराळीच युक्ति काढली.

आपल्या तंबोऱ्यांत तारेचें कंपन घोडीवाटे तबलीस व भोपळ्यास पोंचतें, आणि तेथें आवाज भरतो. जॉनच्या गिटारींत हें काम लांकूड करीत नाहीं. तिची घोडी अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या तीन शंकूंवर टेकलेली असते. प्रत्येक शंकूचा व्यास सहा इंच. पत्रा हलका व ताठ असल्यामुळें तारेच्या लहानशा कंपनानेंही तो जोरानें थरथरतो आणि भोंवतालची हवा हलवितो. बाहेरचें अंग जर्मन सिल्व्हरचें, म्हणजे आपल्याकडील जुन्या पेल्या-तबकांच्याच धातूचें. १९२७ सालीं ‘नॅशनल’ या कंपनीनें हें वाद्य बाजारांत आणलें. मागाहून साडेनऊ इंची एकाच शंकूचीं स्वस्त वाद्येंही निघालीं. १९३० सालचें पोलादी अंगाचें ‘ड्युओलियन’ साडेबत्तीस डॉलरांस मिळे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय गायकांनीं हीं वाद्यें जवळ केलीं. रस्त्याचा कोपरा आणि नाचाची खोली हींच त्यांचीं सभागृहें. तेथें मोठा आवाज ही चैन नव्हती, पोटाची गरज होती.

एका शंकूची रचना मूळची कोणाची, यावरून जॉन व बीचम यांच्यांत वितुष्ट आलें. जॉन बाहेर पडला, आणि भावांस बरोबर घेऊन त्यानें दुसरा कारखाना काढला. त्याचें नांव ‘दोब्रो’. ‘दोपिएरा’ या आडनांवांतील ‘दो’, आणि भावांस इंग्रजींत ‘ब्रदर्स’ म्हणतात त्यांतील ‘ब्रो’. परंतु स्लोव्हाक भाषेंत ‘दोब्रो’ म्हणजे ‘चांगलें’! वीस वर्षें परदेशांत काढलेल्या या भावांनीं आडनांव, भाऊपण आणि मातृभाषा हीं तिन्ही कारखान्याच्या पाटीवर एकाच शब्दांत बसविलीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस यांतील गोडी निराळी सांगावयास नको. आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ज्या वाद्याचा सारा डौल मोठ्या आवाजाचा, त्याच्या पाटीवर ‘मोठें’ हा शब्द आला नाहीं. ‘चांगलें’ हा आला.

या दोन शब्दांतील अंतर लवकरच कसास लागलें. नॅशनलच्या वाद्यांचीं धातूचीं अंगें अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर याच्या कारखान्यांत तयार होत. त्यालाच हाताशीं धरून बीचमनें १९३१-३२ च्या सुमारास विजेची गिटार सिद्ध केली. आतां शंकूची जरूर उरली नाहीं. लोहचुंबकाजवळ तार हलली कीं विजेच्या साह्यानें आवाज हवा तितका वाढवितां येऊं लागला. पुढें महायुद्धांत धातूचा तुटवडा पडला, आणि पत्र्याचीं हीं वाद्यें घडविणें थांबलें.

येथें ही हकीकत संपली असती तर नवल नव्हतें. परंतु १९६० नंतर रॉक संगीताचा काळ आला. या वादकांपाशीं मैदानें भरून टाकील एवढा विजेचा आवाज होता. तरीही त्यांतील जाणत्यांनीं हीं जुनीं वाद्यें शोधून काढलीं. आयर्लंडच्या रोरी गॅलाहरजवळ १९३२ सालची ‘नॅशनल’ होती. ‘डायर स्ट्रेट्स’चा मार्क नॉफ्लर याची १९३७ सालची ‘नॅशनल’ तर जगानें पाहिलेलीही आहे: ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या १९८५ सालच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर आकाशांत तरंगतांना दिसते ती हीच. तिच्या चकचकीत अंगावर हवाई बेटांतील माडांचीं चित्रें कोरलेलीं आहेत. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या १९८० सालच्या गाण्यांत तिचाच स्वर आहे. तो चटकन उठतो, चटकन विरतो, आणि त्यांत किंचित नाकांतला, किंचित झांजेचा असा रव असतो. विजेनें आवाज वाढतो. हा रव मात्र पत्र्यांतूनच यावा लागतो.

भारतीय कानास हें वादन परकें वाटत नाहीं. हवाई पद्धतींत तारेवर पोलादी कांडी सरकवीत नेतात, त्यामुळें एका स्वरांतून दुसऱ्यांत मींडेनें जातां येतें. याच गुणावर आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनीं गिटारीवर राग मांडले. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकेंतील राय कूडर यांच्या संयुक्त वादनास १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

जॉन दोपिएरा १९८८ सालीं, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, अमेरिकेंत वारला. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं त्रनावा शहरांत ‘दोब्रोफेस्ट’ नांवाचा उत्सव सुरू झाला, आणि देशोदेशींचे वादक हीं वाद्यें घेऊन तेथें जमूं लागले. गिरणीवाल्याच्या घरांतून आगबोटींत बसून गेलेला एक साधा घरगुती शब्द सारें जग फिरून आपल्या मुलखांत परत आला. प्रवाशानें दोल्ना क्रुपाचा वाडा अवश्य पाहावा. पण बीथोव्हनच्या घरावरून परततांना, याच वाटेनें एक पंधरा वर्षांचा मुलगा गांव सोडून गेला होता, याचीही आठवण ठेवावी.