‘क्लास’ या शब्दाआड लपलेली जात

‘आता जात कुठे राहिली? आता फक्त क्लास उरलाय.’ हे वाक्य एकदाही ऐकले नाही असा आपल्यातला शिकलेला माणूस सापडणार नाही. म्हणून हा ‘क्लास’ नेमका काय आहे, ते तपासून बघू.

मराठीने हा इंग्रजी शब्द कधीच घरचा करून टाकला आहे. पोरगं क्लासला जातं म्हणजे खासगी शिकवणीला. गाणं आवडलं की ‘क्लास!’. साहेबांनी क्लास घेतला म्हणजे झापलं. लोकलमध्ये फर्स्ट क्लासचा डबा, निकालातही फर्स्ट क्लास. नोकरीत क्लास वन ते क्लास फोर. सरकारने या श्रेण्यांना केव्हाच गट अ ते गट ड अशी नावे दिली, तरी ‘वडील क्लास फोरला होते’ असेच लोक सांगतात. मी ज्या सफाई कामगारांच्या वस्तीत काम करते, तिथे कोणत्या जातींची माणसे राहतात हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही भाड्याने घर शोधत होतो. एक घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘आम्हाला चांगल्या क्लासचे लोक हवेत.’ नवऱ्याची नोकरी, माझी एम.ए., दोघांचा पगार, सगळे त्यांना पसंत पडले. मग त्यांनी आडनाव विचारले. ‘कळवते’ म्हणाल्या. अजून कळवलेले नाही. पगार तोच, पदवी तीच. मग दोन मिनिटांत आमचा क्लास कसा काय बदलला?

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘क्लासिस’. प्राचीन रोममध्ये मालमत्ता मोजून नागरिकांचे जे वर्ग पाडत, त्यांना हे नाव होते. म्हणजे मालमत्ता वाढली की वर्ग बदलणार. जातीचे तसे नाही. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात बाबासाहेबांनी हाच फरक नेमका पकडला. जात म्हणजे दारे बंद करून घेतलेला वर्ग, आणि ती दारे बंद होतात जातीतल्या जातीत लग्न लावण्याने. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

संविधानाच्या कलम 16(4) मध्ये ‘मागासवर्ग’ हा शब्द आहे. त्यावर बोट ठेवून ‘इथे क्लास म्हटलंय, कास्ट नाही’ असा युक्तिवाद वर्षानुवर्षे झाला. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जात हा सामाजिक वर्ग असू शकतो आणि अनेकदा असतोच. तरीही ‘जात सोडा, फक्त आर्थिक परिस्थिती बघा’ ही मागणी थांबली नाही. 2019 मध्ये 103 वी घटनादुरुस्ती झाली आणि आर्थिक दुर्बलांना 10 टक्के आरक्षण मिळाले. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधले गरीब वगळले गेले. निकष गरिबीचा, मग आमचा गरीब बाहेर का? नाव आर्थिक वर्गाचे आणि चाळणी जातीची, याला दुसरे काय म्हणायचे?

गरिबी खोटी आहे असे मी म्हणत नाही. वर्ग आहे, वर्गाची लढाईही आहे. पण या देशात वर्गाच्या पोटात जात बसली आहे आणि ‘क्लास’ हा शब्द तिला सभ्य कपडे घालतो. ‘उच्चशिक्षित, हाय क्लास कुटुंब’ अशी लग्नाची जाहिरात पूर्ण वाचा. पुढच्याच ओळीत पोटजात सापडेल.

तेव्हा यापुढे कुणी ‘आपल्या क्लासचे लोक’ म्हणाले, तर शांतपणे एवढेच विचारा : हा क्लास पगाराने बदलतो, की जन्माने चिकटतो? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर समजा की बोलणे जातीविषयीच चालले होते.

जय भीम!