आजोबांच्या शब्दांखालच्या लाल रेघा

दिवाळीनंतर पुण्याहून आत्याच्या धाकटीचा फोन आला. "दादा, आजोबांच्या आठवणींची फाइल उघडली. वर्षश्राद्धाच्या आत छापायचंय ना, म्हणून म्हटलं एकदा बघून घ्यावं. पण अरे, अख्खं पान लाल आहे! केवढ्या चुका. माझ्या ओळखीच्या एक बाई मुद्रितशोधन करतात, त्यांच्याकडे देऊ का सरळ?"

मी म्हटलं, थोडे दिवस थांब. का थांब, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण त्यात माझीच एक चूक होती.

आजोबांनी आठवणी लिहायला घेतल्या २०१६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. रेल्वेच्या हिशेब खात्यात जन्म गेलेला. लिहिताना हात थरथरायचा, पण टाइपिंग मात्र पक्कं, जुन्या इंग्रजी टाइपरायटरवर घोटलेलं. मी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिस टाकून दिलं (फुकट मिळतं, म्हणून ते आजोबांना लगेच पटलं) आणि रोमन अक्षरं दाबली की देवनागरी उमटेल अशी सोय करून दिली. आठवडाभरात त्यांची तक्रार आली. "इंग्रजीत शब्द चुकला की खाली लाल रेघ येते. मराठीत का येत नाही? मराठीत कोणी चुकतच नाही असं धरलंय का या लोकांनी?"

मी सांगितलं की मराठी शुद्धलेखन तपासणारं ॲड-ऑन वेगळं मिळतं, ते बाहेरून आणून बसवावं लागतं.

"बाहेरून आणून बसवलेली मराठी!" आजोबा म्हणाले. "दामाजीरावांच्या काळापासून बडोद्यात आम्ही हेच ऐकतोय."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं ॲड-ऑन बसवलं असेल. त्यातलाच हा प्रकार. मूळ प्रोग्रॅम एकाचा, वापरणारे आपण, आणि मधेच कोणी तिसरा एक छोटा तुकडा लिहून ठेवतो. तो बसवला की तोच प्रोग्रॅम थोडा वेगळा वागू लागतो. लिबरऑफिसमध्ये हा तुकडा 'ओएक्सटी' नावाच्या फाइलमध्ये येतो. ती खरं तर साधी झिप फाइल असते. शुद्धलेखनाच्या ॲड-ऑनमध्ये मुख्य ऐवज दोन फाइलींत असतो, एकीत शब्द आणि दुसरीत त्या शब्दांना काय काय जोडता येतं त्याचे नियम. फाइलवर दोनदा क्लिक करायचं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा, झालं. आमच्याकडे मात्र एवढ्यावर भागलं नाही. आजोबांचा सगळा मजकूर तो हिंदी समजत होता. सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी केली तेव्हा कुठे रेघा उमटल्या.

पहिल्याच पानावर तेवीस.

आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजल्या, आणि तो कागद हातात आलेल्या सरकारी नोटिशीसारखा बघत राहिले. 'नांव', 'कांही', 'पांच', सगळ्यांखाली रेघ. मी म्हटलं, आजोबा, हे अनुस्वार आता देत नाहीत. ते म्हणाले, कधीपासून? मी शोधून सांगितलं, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारनं १९६२ साली मान्य केले, पुढे १९७२ मध्ये आणखी चार आले.

"मी मॅट्रिक झालो १९५४ ला. साठ साली आपण गुजरातेत आलो. बासष्टचा नियम मला सांगायला कोण येणार होतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तर 'नांव'वर कधीकाळी अनुस्वार होता हेच माहीत नव्हतं. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. मराठी मी घरात बोलायला आणि देवळांवरच्या पाट्यांवर वाचायला शिकलो.

दोन दिवसांनी आजोबांना उजव्या क्लिकचा शोध लागला. रेघ आलेल्या शब्दावर उजवं बटण दाबलं की एक यादी उघडते, त्यात 'शब्दकोशात जोडा' असा पर्याय असतो. तो निवडला की रेघ जाते, आणि पुन्हा तो शब्द आला तरी येत नाही. मग त्यांनी रेल्वेतली व्हाउचरं तपासावीत तशी पानं तपासायला घेतली. खरी चूक असली तर निमूट दुरुस्त करायचे. चूक नसली तर "हा आपला आहे" असं पुटपुटत कोशात जोडायचे. घडियाळी पोळ आपली, बाबाजीपुरा आपला. 'अगासी', 'लारी', 'फई' हेही आपलेच. संक्रांतीला 'उत्तरायण' आणि दुसऱ्या दिवसाला 'वासी उत्तरायण' म्हणणारा बडोद्याबाहेरचा मराठी माणूस मलाही अजून भेटलेला नाही.

यात एक कटकट होती. 'सुरसागर' जोडला तरी 'सुरसागरावर'खाली रेघ येतच राहायची. 'बडोदें' जोडलं, मग बडोद्याला, बडोद्यांत, बडोद्याहून, बडोद्याचा हे सगळे वेगवेगळे. आपण हातानं जोडलेला शब्द यंत्र जसाच्या तसा लक्षात ठेवतं, त्याला विभक्ती लावत नाही. ॲड-ऑनची ती नियमांची फाइल असते ती नेमकी यासाठीच. लिबरऑफिसमध्ये हे तपासणीचं काम हनस्पेल नावाचा प्रोग्रॅम करतो, फायरफॉक्समध्येही तोच असतो. तो लास्लो नेमेत या हंगेरियन माणसानं मुळात हंगेरियन भाषेसाठी बनवला. त्या भाषेतही आपल्यासारखेच शब्दाला शेपूट जोडत जातात. 'हाझ' म्हणजे घर, 'हाझबन' म्हणजे घरात. इंग्रजीला अशा यंत्राची फारशी गरज नव्हती, हंगेरियनला होती, म्हणून ते झालं आणि आपल्या कामी आलं. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्याच्या हातानं आपल्या घरातलं 'त' लिहिलं म्हणायचं." आणि बडोद्याच्या सगळ्या विभक्त्या एकेक करून जोडत बसले.

मी एकदा वैतागून म्हटलं, कशाला एवढं? तुम्हाला माहीत आहे ना शब्द बरोबर आहे, मग राहू द्या रेघ. त्यावर मला सयाजी शासन शब्द कल्पतरूवर व्याख्यान ऐकावं लागलं. कारभारातल्या शब्दांचा हा कोश बडोदे संस्थानानं १९३१ साली काढला. इंग्रजी शब्द, आणि त्याला गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगालीत काय म्हणतात ते शेजारी. "एवढं आठ भाषांचं काम या गावात झालंय. आणि तू मला दोनशे शब्दांचा कंटाळा सांगतोस?" तेव्हा मी मान डोलावली आणि फोनमध्ये तोंड घातलं. खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मी असाच होतो.

९१वं साहित्य संमेलन फेब्रुवारी २०१८ मध्ये बडोद्यात भरलं, १९३४ नंतर पहिल्यांदाच. आजोबांनी जानेवारीतच लिखाण संपवलं. एकशे अडतीस पानं झाली. दोन प्रती काढून स्पायरल बाइंडिंग केलं. त्यातली एक पिशवीत घालून ते तिन्ही दिवस संमेलनाला गेले, आणि तिन्ही दिवस तशीच घेऊन परत आले. कोणाला दाखवलीत, म्हणून विचारलं तर म्हणाले, गर्दी फार होती. दुसरी प्रत त्यांनी मला दिली. मी दहा-बारा पानं चाळली आणि सांगितलं, "मस्त झालंय आजोबा."

आता माझी चूक. आजोबा गेल्यावर काही महिन्यांनी तो जुना कॉम्प्युटर काढून टाकायचं ठरलं. मी 'डॉक्युमेंट्स' फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला आणि मशीन दुकानदाराला दिलं. त्यानं डिस्क पुसून ते विकलं, त्याचं काही चुकलं नाही. पण आपण जोडलेले शब्द फाइलीत नसतात. लिबरऑफिसच्या आपल्या प्रोफाइलमध्ये 'वर्डबुक' नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या 'स्टँडर्ड डॉट डिक' या चिमुकल्या फाइलीत ते जातात. विंडोजमध्ये हा फोल्डर लपवलेला असतो. नोटपॅडमध्येही उघडेल अशी साधी यादी असते ती. मला ती आठवलीच नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे!

आठवायला हवी होती, कारण असा फटका मी आधी खाल्ला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची ॲड-ऑन्स तिच्यात चालेनाशी झाली. त्याआधी 'पद्म' नावाचं एक ॲड-ऑन होतं. युनिकोड रुळायच्या आधी भारतीय भाषांतल्या कितीतरी वेबसाइट्स आपापल्या फाँटमध्ये असत, फाँट नसला की नुसती गिचमिड दिसे. 'पद्म' ती पानं ब्राउझरमध्येच युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. असे तुकडे बहुतेक वेळा कोणीतरी नोकरी सांभाळून, बिनपैशाचे लिहीत असतो. घरमालकानं घर पाडून नवं बांधलं की पोटभाडेकरूला कोणी विचारत नाही. माझी पाच-सहा ॲड-ऑन्स एका अपडेटमध्ये गेली तेव्हा मी मित्रांपुढे दोन दिवस कुरकुरत होतो. आणि आजोबांचे दोन वर्षांचे शब्द मी स्वतः पुसायला दिले, तेही न कळता.

आत्याच्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे हे सगळं लाल आधी लाल नव्हतं?" नव्हतं. आजोबांच्या मशीनवर शेवटी एकही रेघ उरली नव्हती.

मग मी माझ्या लॅपटॉपवर मराठीचं ॲड-ऑन बसवलं, फाइल उघडली, आणि रात्री जेवण झाल्यावर पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येक रेघेवर थांबायचं. चूक की आपला? ठरवायचं तर आख्खं वाक्य वाचावं लागतं, कधी मागचं पानही. असं करता करता मी ती एकशे अडतीस पानं वाचली. पहिल्यांदाच.

अनुस्वार सगळे ठेवले. आत्याची मुलगी म्हणाली, निदान ते तरी काढूया, लोक हसतील. आम्ही फोनवर तासभर वाद घातला. शेवटी तिनंच तोडगा काढला, सुरुवातीला चार ओळी लिहायच्या की लेखक १९५४ चे मॅट्रिक आहेत. गुजराती शब्दांबद्दल ती काही बोलली नाही. उलट 'धुपेल' म्हणजे काय ते विचारलं. मलाही माहीत नव्हतं. आजीला विचारलं तर ती हसायलाच लागली. "अरे, डोक्याला लावायचं सुवासिक तेल! हे कमाटीबागेत फिरायला निघाले की चोपडून जायचे." 'पडसाळ' मी दुरुस्त करणार होतो, आजीनं हात धरला. पोळेतल्या घराची पुढची लांब खोली, झोपाळा होता ती. तेव्हापासून आजी रोज रात्री शेजारी खुर्ची घेऊन बसते. कुठे कुठे स्वतःहून सांगते, "इथं हे खोटं लिहिलंय, असं झालंच नव्हतं." ते मात्र आम्ही बदललेलं नाही.

पान एकशे सोळावर मी आलो. आजोबांनी लिहिलं होतं: 'नातवानें संगणकांत मराठी बसवून दिली. तो म्हणतो, एकदां शब्द जोडला कीं यंत्र विसरत नाहीं.'

त्या रात्री मी पुढे गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी माझी 'स्टँडर्ड डॉट डिक' फाइल आत्याच्या मुलीला पाठवली, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली, एक स्वतःलाच मेल केली. तुमच्या घरात कोणी वडीलधारं मराठीतून लिहीत असेल तर आजच ती फाइल शोधून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

आमचं काम आता संपत आलंय. चारशे अकरा शब्द जोडले, त्यात एकट्या बडोद्याचेच नऊ. एक शब्द मात्र अडलाय, 'कोडवें'. परीक्षेला निघताना आईनं खिशात एक कोडवें घातलं. अगासीवर पतंग उडवताना कोडवें हरवलं. आणि एकदा रावपुऱ्यात कोणाला तरी तसंच कोडवें दिसलं म्हणून आजोबा त्याच्या मागे गेले. तिन्ही ठिकाणी स्पेलिंग एकच, म्हणजे टायपिंगची चूक नसावी. आजीला माहीत नाही, आत्यालाही नाही. मी तो कोशात जोडलाय. तुमच्या घरी जुन्या बडोद्याचं कोणी असेल तर विचाराल का? छापायला जायला अजून तीन आठवडे आहेत.