बुरशीचा पाहुणचार

इगतपुरीस श्रावण लागला म्हणजे घरोघर एक मूक पाहुणा येतो. कोनाड्यातील चपलांवर, पेटीतल्या कोटावर, फडताळातील पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर तो हिरवट-करडी शाल पांघरून बसतो. आम्ही त्याला बुरशी म्हणतो, फडक्याने पुसतो आणि विसरतो. पुसताना जी बारीक धूळ उडते ती त्याची बीजे होत, व त्यांतील कित्येक आपण श्वासाबरोबर आत घेतो, हे ध्यानी आणणारा विरळाच.

निरोगी छातीत या बीजांचे काही चालत नाही. आतले पहारेकरी त्यांना तिथल्या तिथे गिळून टाकतात. पण पहारा ढिला पडला तर? माझे थोरले मामा तरुणपणी क्षयातून उठले होते. फुप्फुसात एक पोकळी तेवढी राहून गेली होती. पुढे त्या रिकाम्या खोलीत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीने बिऱ्हाड केले आणि मामांच्या थुंकीत रक्त दिसू लागले. वैद्यक अशा रोगास संधिसाधू म्हणते. शब्द कठोर खरा, पण अचूक.

मामांच्या निमित्ताने मी या रोगावरील औषधांचा इतिहास वाचू लागलो. त्यासाठी फार दूर जावे लागले नाही. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळविले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीच गुंफलेली आहे.

काचेच्या ताटलीत अशा औषधाचा पराक्रम डोळ्यांना दिसतो. सभोवार बुरशी माजलेली, आणि औषधाच्या थेंबाभोवती स्वच्छ वर्तुळ! मग नळ्यांच्या ओळीत औषध निम्मे, पाव, अष्टमांश असे पातळ करीत जातात व किती अल्प मात्रेस बुरशी दबते ते पाहतात. परंतु ताटलीला मूत्रपिंडे नसतात. या जातीची औषधे बुरशीच्या पेशीच्या आवरणातील एर्गोस्टेरॉलला बिलगून त्यास छिद्रे पाडतात. आपल्या पेशींत त्याच्याच नात्यातले कोलेस्टेरॉल असते. शत्रू आणि यजमान यांत अंतर ते एवढेच! त्यातून हॅमायसिन पाण्यात विरघळेना. ते मुख्यतः वरून लावण्यापुरते उरले. पुढे दिल्लीस बच्छावत यांच्या सहकाऱ्यांनी स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पिशव्यांत ते भरून ॲस्परजिलसने आजारी उंदरांवर पारखले. अशाच पिशव्यांतले अँफोटेरिसिन मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर यांनी रुग्णांपर्यंत नेले.

या परीक्षेत एक विलक्षण गोष्ट आहे. धडधाकट उंदीर हुंगलेल्या बीजांना सहसा जुमानीत नाही. म्हणून फुप्फुसाचा रोग अभ्यासताना त्यास बहुधा स्टेरॉइडसारखी औषधे देऊन आधी दुबळा करतात, मगच बीजे हुंगवितात. दुर्बळास गाठणाऱ्या रोगावरील औषध दुर्बळावरच पारखावे लागते. हे वाचताना त्या मुक्या जिवाची कणव येते. पण ही पायरी गाळली तर तो प्रयोग रुग्णावर होईल, हेही कळते.

मामांची छाती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी नव्हती, आणि औषध त्या पोकळीतल्या गोळ्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नव्हते. ते गेले तेव्हा जगात औषधे नव्हती असे नाही. म्हणून नव्या औषधाची वार्ता वाचली की मी दोनच गोष्टी शोधतो: ते दुबळ्या जिवावर पारखले आहे काय, आणि त्या बंद खोलीपर्यंत ते पोचते काय?